हात चालून राहिला

बेसबॉल म्हणजे सॉफ्टबॉलच ना, असा प्रश्न मला अकोल्यात अजूनही विचारला जातो आणि मी दर वेळी तेच उत्तर देतो. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा असतो आणि तो हात खालून आणून टाकतात. बेसबॉलचा चेंडू लहान असतो आणि तो खांद्यावरून फेकतात. फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. पिचरचे चार चेंडू भलतीकडे गेले, तर समोरच्या बॅटरला बॅट न हलवता पहिला बेस, म्हणजे पहिला टप्पा, मिळतो. तीन बेस पार करून 'होम'वर परतले की एक धाव होते. आमच्या जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचे दुःख समजण्यास एवढी माहिती पुरते, कारण अलीकडे आमचा संघ मुख्यतः या चार चेंडूंमुळेच हरतो.

मी हिवरखेडला बरीच वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर अकोल्यात स्थायिक झालो. या खेळाकडे मी वळलो ते एका विद्यार्थिनीमुळे. ती डावखुरी होती. शाळेत तिचे अक्षर उजवीकडे कललेले असे आणि वहीत माझी लाल शाई फार असे. 'मी जेवून राहिली', 'पाऊस येऊन राहिला' असे ती लिहायची. मी खोडून 'जेवत आहे', 'येत आहे' असे लिहायचो. पुढे ती अकोल्याला महाविद्यालयात आली आणि जिल्हा संघाची पिचर झाली. एका रविवारी मी सहज सामना पाहायला गेलो आणि त्यानंतर एकही चुकवला नाही.

तिचे फेकणे कसे होते, हे नीट सांगितले पाहिजे. उजवा पाय वर उचलला की ती क्षणभर थांबे, एखादा शब्द आठवत असल्यासारखी. मग हात सुटे. चेंडू बाहेर चालला आहे असे बॅटरला वाटे आणि शेवटच्या हातभर अंतरात तो आत वळे. बॅट फिरून गेल्यावर बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमधून जो आवाज येई, तसा आवाज मी त्यानंतर कोणाच्याही चेंडूचा ऐकला नाही.

माझ्याबरोबर एक स्नेही असत. ते बाळापूरचे, सतरंज्यांचे व्यापारी. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी आणि मैदानावर दोन्ही. मला ते गुरुजी म्हणतात. आम्ही संघाच्या बाकामागे, तारेच्या जाळीला लागून बसत असू.

ज्या सामन्यापासून सारे बिघडले, तो अमरावतीला झाला. त्या वर्षी संघाला पुण्याकडचे नवे प्रशिक्षक आले होते. मृदुभाषी, अभ्यासू गृहस्थ. पाचव्या इनिंगपर्यंत, म्हणजे पाचव्या डावापर्यंत, आम्ही पुढे होतो आणि ती एकटीने फेकत होती. इनिंग संपल्यावर ती बाकाकडे आली आणि तिने डावा हात दोनदा झटकला. प्रशिक्षकांनी विचारले, "हात कसा आहे?"

ती म्हणाली, "चालून राहिला ना, सर."

त्यांनी मान हलवली, तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "बरं, बस मग तू."

ती बसली. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. दुसरी मुलगी फेकायला गेली आणि पहिल्या तीन बॅटरना तिने तीन बेस फुकट दिले.

"गुरुजी, हे पिचर हाय का पोस्टमन?" स्नेही ओरडले. "साऱ्यायले घरपोच नेऊन सोडून राहिली!"

आम्ही हरलो.

पुढच्या स्पर्धेच्या यादीत तिचे नाव राखीव खेळाडूंत होते. त्यानंतरच्या स्पर्धेतही तसेच. फेकणाऱ्या मुली बदलत राहिल्या. एकीला वेग होता, पण दिशा नव्हती. दुसरीला दिशा होती, पण बॅटरने दोन चेंडू मारले की तिचा धीर सुटे. कॅचरला कधी पहिल्या बेसवर उभे करत, पहिल्या बेसवालीला कधी मैदानाच्या टोकाला पाठवत. आणि जिला फेकता येत होते, ती बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरत होती.

"काहो सर," स्नेही जाळीतून प्रशिक्षकांना विचारीत, "आमची डावी काय लोणच्यात घालून ठेवली का? मुरू देता का तिले?"

प्रशिक्षक हसून दुसरीकडे पाहत. मीही बोलत नसे. प्रेक्षकाने प्रेक्षकाच्या जागी राहावे, निवड करणाऱ्यांना आपली चूक आपणच उमगते, असे माझे मत होते. वर्गात असे मत मी कधीच बाळगले नव्हते.

मोसमाचा शेवटचा पराभव अकोल्यात झाला. त्या दिवशी ती बाकावरही नव्हती. मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर प्रशिक्षक एकटे उभे होते. स्नेह्यांनी त्यांना गाठलेच. "सर, खुदा कसम, आता तरी सांगा. त्या पोरीनं तुमचं काय बिघडवलं?"

प्रशिक्षकांना ते लागले. "माझं काय बिघडवणार? चांगली मुलगी आहे. पण अमरावतीला तिनं स्वतः सांगितलं, हात चालून चालून राहिला म्हणून. पिचरचा खांदा एकदा गेला की गेला. मी तो मोडू द्यायचा का? वर्षभर तिला फेकू द्यायचं नाही, असं मी ठरवलंय."

मी हातातला चहा खाली ठेवला. त्यांना समजावून सांगायला मला एक मिनिटही लागले नाही, कारण आयुष्यभर तेच काम केले होते. 'चालून चालून पाय राहिले' याचा अर्थ पाय थकले, निकामी झाले. हे पुण्यात खरे आणि अकोल्यातही खरे. पण वऱ्हाडीत 'चालून राहिला' म्हणजे चालतो आहे. ती एकदाच म्हणाली होती, 'चालून राहिला'. दुसरे 'चालून' तिचे नव्हते, ते तुमच्या कानाने घातले. तिने सांगितले होते, हात उत्तम चालतो आहे.

प्रशिक्षकांनी विचारले, "मग ती बोलली का नाही?"

"तुमी बस म्हटलं ना," स्नेही म्हणाले. "आमच्याकडं सरानं बस म्हटलं तं मानूस बसते."

प्रशिक्षकांनी तिथूनच तिला फोन लावला. ती अमरावतीला गेली होती, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. "सराव सोडला, सर," असे तिने अदबीने सांगितले आणि फोन ठेवला.

म्हणून मी पुढच्या आठवड्यात अमरावतीला गेलो. क्लासच्या इमारतीखाली दुचाक्यांची दाटी होती. ती जिन्यावरून खाली आली, मला पाहून चपापली आणि वाकून नमस्कार केला. बाजूच्या कठड्यावर बसून मी तिला सारा प्रकार सांगितला. ती आधी हसली. मग हातातल्या पुस्तकाची पाने चाळू लागली.

"मले वाटलं, सरायले माझा भरोसाच नाई," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "सर, तुमी तं तवा जाळीमागंच होते ना? तुमी आयकलं नाई?"

मी ऐकले होते. हे लिहिणे आजही सोपे नाही. तिचे वाक्य माझ्या कानी स्पष्ट पडले होते आणि त्या क्षणी मनातल्या मनात मी ते सवयीने दुरुस्त केले होते: 'चालत आहे' म्हण. दुरुस्ती करून मी समाधानाने पुढचा चेंडू पाहू लागलो. ते वाक्य ऐकणाऱ्यापर्यंत कसे पोहोचले, हे पाहण्याचे मला सुचले नाही. मी तिला तसेच सांगितले.

"जाऊ द्या ना, सर," ती म्हणाली.

"येशील परत? प्रशिक्षक वाट पाहताहेत."

"आता नाई, सर. घरी कबूल केलं हाय. दोन वर्सं परीक्षाच." तिने ते इतक्या शांतपणे सांगितले, की पुन्हा विचारण्यासारखे काही उरले नाही.

मी उठू लागलो, तेव्हा तिने विचारले, "शेवटच्या मॅचले कोन फेकलं?"

मी नाव सांगितले.

"तिले सातव्या इनिंगपर्यंत काहून ठेवलं? तिचा हात पाचव्यातच खाली येते." ती माझ्याकडे वळून बसली. "आन् त्यायची ती उंच बॅटर, तिले काय टाकलं?"

मी सांगितले. तिने कपाळावर हात मारला. "आत टाकाले पायजे होता ना, सर! तिले आतला बॉल दिसतच नाई!" तिने पुस्तक मांडीवर पालथे ठेवले आणि डाव्या हाताची दोन बोटे नसलेल्या चेंडूवर कशी बसवायची ते मला दाखवू लागली. मी एकेक बॅटर आठवून सांगत गेलो आणि ती प्रत्येकीला बाद करत गेली. वर क्लास सुरू झाल्याचे कोणीतरी ओरडून सांगितले, तरी आमच्या दोन बॅटर राहिल्या होत्या. तिने त्या उभ्यानेच, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून, बाद केल्या आणि ती वर गेली.