अकोल्याचं भांडण, अमेरिकेचं कोर्ट

वकिलीत माणसाला बऱ्याच गोष्टींची सवय होते. खोट्या साक्षीची होते, तारखांची होते, कोर्टाच्या आवारातल्या पाणचट चहाचीसुद्धा होते. एका गोष्टीची मात्र मला अजून झाली नाही, आणि होऊही नये. कुठल्याही वेबसाइटच्या वापराच्या अटी उघडल्या की मी आधी तळाशी जाते. तिथं एक वाक्य दडून बसलेलं असतं: या कराराला अमुक ठिकाणचा कायदा लागू राहील आणि सगळे वाद तिथल्याच न्यायालयात चालतील. ते वाचलं की मला शिसारी येते. का येते ते सांगते.

माझी एक मामेबहीण आहे. तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं, म्हणून मामा तिचा बायोडाटा घेऊन अकोल्याच्या वधू-वर परिचय मेळाव्याला गेला. मामा हाडाचा शेतकरी. पण बायोडाट्यातल्या ‘अपेक्षा’च्या रकान्यात त्यानं लिहवून घेतलं, की मुलगा नोकरीवालाच पाहिजे, शेतकरी स्थळांनी कृपया संपर्क करू नये. त्या वर्षांत आमच्याकडे सगळेच तसं लिहीत. कापसानं लोकांना पार नागवलं होतं, त्यामुळे जावयाच्या नावावर शेत हवं, पण जावई शेतात नको. मी मामाला म्हटलं, अरे बाबा, तू स्वतः कोण आहेस? तो म्हणाला, म्हणूनच तं लिवलं.

मेळाव्यात एका टेबलाशी अकोल्याचा एक लग्नपत्रिका छापणारा बसला होता. त्यानं लग्न जुळवायची वेबसाइट काढली होती आणि तिच्या माथ्यावर लिहिलं होतं, ‘आपलं वऱ्हाड, आपली माणसं’. त्याच्या टायपिंगवाल्या मुलीनं मामाचा कागद समोर ठेवून सगळं संगणकावर चढवलं, फोटो लावला, आणि ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकोनात टिचकीही तिनंच मारली. मामानं फी भरली, पावती खिशात घातली आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ज्या माणसानं जन्मात माउस हातात धरला नाही, त्यानं अटी मान्य केल्या म्हणे.

पुढं बहिणीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, आणि तेही शेतकऱ्याशीच. बाळापूरकडचा मुलगा, नात्यातल्या कोणीतरी सुचवलेला, थोडी ओलिताची जमीन, कांदा आणि गहू. पाहायला आला तेव्हा त्यानं तिला विचारलं होतं, तुले खेड्यात करमन का? त्याआधीच्या एकाही नोकरीवाल्यानं तिला काही विचारलंच नव्हतं. मामा बरेच दिवस गाल फुगवून बसला, मग निवळला. ती मात्र खूश होती. दुपारी डबा घेऊन शेतात जायची आणि दोघं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून जेवायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग गावात मोबाइलवर इंटरनेट आलं. तिशी उलटून गेलेली पोरं, ज्यांना शेती करतात म्हणून कोणी मुलगी देत नव्हतं, ती पानठेल्यावर बसून त्याच वेबसाइटवर मुलींचे फोटो पाहत. त्यातल्या एकाला हिचा फोटो सापडला. खाली ते वाक्य. झालं! तिचा नवरा पानठेल्यावरून निघाला की मागून कोणीतरी ते मोठ्यानं वाचायचं. त्यानं घरी येऊन भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तो तिच्याशी बोलेनासाच झाला, आणि एक दिवस म्हणाला, डबा मीच नेत जाईन. सासू म्हणाली, बाई, नको होता तं आधीच सांगाचं. हिनं देवाच्या शपथा घेतल्या, की हे बाबांनी लिहवलं, मला ठाऊकही नव्हतं. पण तिच्या फोटोखाली लिहिलंय म्हटल्यावर ते तिचंच. तिनं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “ताई, थो फोटो तिथून काढून द्या. माह्यं घर मोडून राहिलं.”

मी राजापेठेतलं माझं ऑफिस बंद केलं आणि अकोल्याची एसटी धरली.

छापखान्याचा मालक बोलायला अगदी गुळाची ढेप. चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला, मुलीचं चांगलं झालं म्हणून आनंद व्यक्त केला. फोटो मात्र काढणार नाही म्हणाला. नोंदी कमी झाल्या की साइट ओस दिसते, नवीन लोक येत नाहीत. त्याच्या साइटवरच्या निम्म्या मुलींची लग्नं होऊन त्यांना लेकरंही झाली असतील, तरी सगळ्या तिथं नवरा शोधत बसलेल्या! मी म्हटलं, मग मला केस करावी लागेल. त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि काय सांगू, चक्क अभिमानानं म्हणाला, “म्याडम, केस अमेरिकेत टाकावं लागन. अटीत हाय थे.”

खरंच होतं. पठ्ठ्यानं कुठल्याशा परदेशी वेबसाइटच्या अटी सबंध उचलल्या होत्या आणि फक्त नाव बदललं होतं. अमेरिकेतल्या एका राज्याचा कायदा लागू आणि त्याच राज्यातली न्यायालयं. ते राज्य कुठं आलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, असन तिकडंच कुठी. अकोल्याचं कोर्ट त्याच्या दारातून पायी जाता येईल एवढं जवळ. माणसं आपली, फी आपली, फोटो आपल्या लेकींचे, आणि जाब विचारायचा तर सातासमुद्रापार जा. मला त्याच्या चहाचीही घाण वाटली. कप तसाच ठेवून मी उठले.

अकोल्याच्याच ग्राहक मंचात तक्रार टाकली, म्हणजे ठिकाणावरून वाद नको. तरी त्याचा वकील काळा कोट घालून उभा राहिला आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाला, की ही तक्रार इथं चालूच शकत नाही. मी सांगितलं, की ज्या न्यायालयांना मुळात अधिकार असतो त्यांतलं एक पक्षकार निवडू शकतात. ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, त्याला कागदावर लिहून अधिकार देता येत नाही. शिवाय टिचकी मारली कोणी? याच्याच टायपिंगवाल्या मुलीनं. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं. बाहेर टपरीवर तोच वकील मला हसून म्हणाला, “कलम भिकार आहे हो ताई, पण तारखा तर मिळतात.” माझ्याच पेशाचा माणूस.

आणि तारखा मिळाल्या. कधी मंचाचे सदस्य नाहीत, कधी वकीलसाहेबांना ताप. मधे एकदा मी मालकाला विनवलं, की फोटो राहू दे, निदान ते वाक्य तरी पूस. तो म्हणाला, आता मॅटर कोर्टात हाय, आपल्याले हात लावता येत नाई. अमेरिकेशिवाय दुसरं कोर्ट न मानणारा हा माणूस! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शेवटी निकाल आला, तोही फक्त एवढाच, की अमेरिकेचं ते कलम आड येत नाही, तक्रार इथं चालेल. मूळ सुनावणी आता सुरू होणार होती. तरी मी मंचाच्या पायऱ्यांवरूनच बहिणीला फोन लावला.

ती म्हणाली, ताई, आता राहू द्या. नवऱ्यानं जमीन मक्त्यानं दुसऱ्याला कसायला दिली होती, बैल विकले होते, आणि पुण्याकडच्या एका कंपनीच्या गेटवर तो पहारेकरी म्हणून लागला होता. ऐकून घ्यायचं तरी किती त्यानं. आता पानठेल्यावर कोणी हसत नव्हतं. उलट सासूच गावभर सांगत होती, की आमच्या सुनेनं लग्नाआधीच सांगितलं होतं, शेतकरी नको, आमालेच अक्कल नव्हती. साइटवरून फोटो काढू नको, असं आता तीच म्हणत होती.

मी विचारलं, आणि तू काय म्हणतेस?

“ताई,” ती म्हणाली, “पण मी थे कधी म्हटलंच नव्हतं ना.”