वीजदांडक्याची फोडणी

लग्नानंतर चौथ्या वर्षी आमच्या घरात जादूचा कंदील आला. घरात तेव्हा आम्ही तिघंच: सासूबाई, हे आणि मी. हे ठाण्याच्या शाळेत सृष्टिज्ञान आणि चित्रकला शिकवत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही इथे मास्तरच लिहिते. समोरासमोर मी त्यांना काहीच म्हणत नसे. भांडं वाजवलं की ते वळून बघत.

रेल्वेतला एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या सामानाच्या लिलावातून मास्तर कंदील घेऊन आले. पत्र्याची पेटी, आत घासलेटचा दिवा, वर धुराडं आणि पुढे भिंगाची नळी. काचेवर काढलेलं चित्र पेटीत उलटं सरकवायचं, की समोरच्या कापडावर ते माणसाएवढं होऊन सुलटं दिसे. साहेबाच्या काचांत बर्फातलं एक घर, एक जहाज आणि एक सिंह होता. सिंह तीनदा दाखवून झाल्यावर आमच्या आळीतली माणसं त्याला भिईनाशी झाली. चौथ्यांदा तर कुणीतरी "बसा हो सिंहराव" असंही म्हटलं. मास्तरांना ते लागलं.

"आपण स्वतः चित्रं काढू," ते म्हणाले.

सासूबाईंना वाटलं, देवादिकांची काढतील. पण मास्तर पडले सृष्टिज्ञानाचे. त्यांनी चंद्रावरच्या लोकांची गोष्ट रचली. चंद्रावर दोन राजे आपसात लढतात, त्यातला जिंकलेला राजा विमानात बसून ठाण्याच्या खाडीवर उतरतो आणि एक साधा शाळामास्तर त्याला पळवून लावतो. हा शाळामास्तर दिसायला कोणासारखा होता ते मी सांगायला नको; मिशीसुद्धा तीच. सगळ्यांच्या हाती एकच हत्यार. मास्तरांनी त्याला नाव दिलं विद्युद्दंड. बाकी सगळे त्याला वीजदांडकं म्हणत. हातभर लांब दांडा, टोकाला भिंग आणि त्यातून निघणारा हिरवा झोत.

चोवीस काचांपैकी बारा त्यांनी रंगवल्या आणि त्यांना हिवताप आला. अंगावर दोन घोंगड्या घेऊन, दात वाजवत त्यांनी कल्याणच्या चुलतभावाला पत्र लिहिलं, उरलेल्या बारा काचा तू कर म्हणून. हे कल्याणचे भावजी हाताचे मोठे कसबी. पण त्यांनी पहिल्या काचा पाहिल्या नव्हत्या, त्यांच्याकडे होतं ते फक्त पत्र. आणि मास्तरांची मोडी तापाशिवायही कुणाला लागत नसे.

इकडे आवाजाचा प्रश्न होता. ताप उतरल्यावर मास्तर खाटेवर बसून गोष्ट म्हणून बघत, आणि दांडकं चाललं की तोंडाने "फट्ट" करत. दर फट्टला खोकल्याची उबळ येई. एकदा मी आमटीला फोडणी घालत होते. मोहरी तडतडली, मी पातेलं ओतलं आणि चर्रर्र झालं. मास्तर घोंगडीसकट चुलीपाशी धावत आले.

"पुन्हा कर!"

मी भांडं वाजवून विचारलं, काय?

"हा आवाज. हेच विद्युद्दंड!"

अशी मी पडद्यामागे गेले. आमचा पडदा म्हणजे ओलं केलेलं धोतर. कंदील त्याच्या मागे आणि माणसं पुढे. त्यामुळे मागे कोण बसलंय ते कुणाला दिसत नसे. मास्तरांनी सांगितलं, मी हो म्हटलं आणि सासूबाईंना कळवायचं दोघांनीही टाळलं. मला भीती होती, पण खरं सांगते, भीतीपेक्षा हौस जास्त होती.

कल्याणच्या काचा पेंढ्यात गुंडाळून आल्या त्या नेमक्या खेळाच्या दिवशी संध्याकाळी. उघडून बघायला वेळच नव्हता. आळीतल्या देवळाच्या अंगणात माणसं येऊन बसली होती. पुढच्या ओळीत आमच्या शेजारचे सुभेदार होते. तोफखान्यात उभी हयात काढून पेन्शनीवर आलेले, पाठ अजून ताठ. बायकांच्या बाजूला सासूबाई. पडद्यामागे मी: शेगडी, कढलं, तेल, मोहरी, पाण्याचं भांडं, आणि कमी पडलं तर असावी म्हणून घरातली मोठी पितळी परात.

पहिल्या बारा काचा झकास गेल्या. हिरवा झोत निघे, मी तापल्या तेलात मोहरी टाकून वर पाण्याचा शिपका मारी, आणि अंगणातून "अरे बापरे" येई. एक अडचण मात्र झाली. वास कुणी लक्षात घेतला नव्हता. चौथ्या वारानंतर अंगणातून एक बाई हळूच म्हणाल्या, "कुणाकडे वरण चाललंय गं? हिंग विसरलीय."

तेराव्या काचेला मास्तरांनी भावजींनी काढलेलं चित्र सरकवलं. राजाच्या हातात लाटण्याएवढं आखूड दांडकं होतं. त्याच्या टोकाला बैलासारखं शिंग होतं. झोत तांबडाभडक. पुढे उलगडा झाला की पत्रातल्या भिंगाचं भावजींनी शिंग वाचलं होतं, आणि हिरवा रंग खाडीच्या पाण्यात संपून गेला होता.

तेवढ्यात माझी मोहरीही संपली. मी घाबरून परातीवर पळी हाणली. धण्ण! पुढच्या काचेला परात हातातून निसटली आणि फरशीवर गरगरत राहिली. त्या वाराचा आवाज बराच वेळ चालला.

सुभेदार उठून उभे राहिले. "थांबवा! मास्तर, हत्यार बदललं का?"

मास्तर पडद्याआडून म्हणाले, "नाही सुभेदार, तेच आहे."

"तेच कसं? मघाशी ते हातभर होतं, आता वीतभर आहे. मघाशी हिरवं होतं. मघाशी तडतडत होतं, आता देवळाच्या घंटेसारखं वाजतंय. एका तोफेचे दोन आवाज मी तीस वर्षांत ऐकले नाहीत!"

मास्तर काही बोलणार, तोच बायकांच्या बाजूने सासूबाईंचा आवाज आला. "घंटा कसली? ती आमची परात आहे!"

अंगणात जे हसू उसळलं त्यात खाडीवर उतरलेलं विमान बुडालं. खेळ तिथेच संपला.

सामान आवरून मी मागाहून घरी आले; परात मास्तरांनी आधीच नेली होती. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, मांडीवर परात. त्यांनी ती दिव्यापाशी धरून फिरवली, काठाला आलेल्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"पडद्यामागे तू होतीस?"

मी मान हलवली.

"माझ्या माहेरची परात आहे ही," त्या म्हणाल्या. "माळ्यावर तडा गेलेलं घंगाळ पडलंय, ते न्यायला काय झालं होतं?" आणि आत निघून गेल्या. बोलणी बसायची राहिलीच आहेत असं वाटत होतं. पण ती पुढेही कधी बसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार आले. रागाने नव्हे, कर्तव्य म्हणून. मास्तरांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "लांबून तोफ उडाली की आधी उजेड दिसतो, मग आवाज येतो. तुमच्या खेळात दोन्ही एकदम, कधी आवाज आधी. अंतर किती ते सांगा, मी आकडे मोजतो. चंद्रावर ते राजे एकमेकांपासून किती लांब उभे आहेत?"

मास्तरांचा चेहरा पडला. ते नखाने चटईची काडी उपसत राहिले.

"सुभेदार, खरं सांगू का? चंद्रावर हवाच नाही. हवेशिवाय आवाज होत नाही. मी शाळेत हेच शिकवतो."

"मग काल तो सगळा तडतडाट?"

"खोटा होता."

सुभेदारांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे त्यांनी मुक्याने लढायचं? आपला माणूस पडला तर त्याला ओरडताही येणार नाही?"

"नाही."

"वाईट जागा आहे," सुभेदार म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

दोघांनी मिळून ठरवलं: चंद्रावर शांतता, ठाण्यात उतरल्यावर आवाज, आणि आवाज उजेडानंतर तीन आकड्यांनी. सुभेदार पडद्यामागे बसून काठी आपटतील तेव्हा मी घंगाळ वाजवायचं. फोडणी बंद.

असा आमचा दुसरा खेळ कल्याणला, भावजींच्या अंगणात झाला. काचांची टोपली मांडीवर घेऊन मी आगगाडीत बसले, सुभेदार घंगाळ घेऊन. भावजींनी मोठ्या मानाने माणसं जमवली होती. ठाकुर्लीकडून भाजी विकायला आलेल्या बायकाही टोपल्या उलट्या घालून बसल्या.

मास्तरांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, "चंद्रावर हवा नाही, म्हणून या लढाईत आवाज नाही." पहिली काच सरकली. हिरवा झोत निघाला. सगळं चिडीचूप. दुसरी काच, तिसरी काच. माणसं चुळबुळू लागली.

भाजीवाल्यांतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आवाज नाय, मंग त्यांना कलतं कसं कोन मेला त्यो?"

हशा झाला. मागून कुणीतरी "फूस्स" केलं. दुसऱ्याने "ठो" केलं. आणि मग अंगण सुटलंच. कुणी शिट्टी, कुणी टाळी, कुणी मांजरासारखं फिस्कारून. एका दांडक्याला चाळीस आवाज.

पडद्यामागे सुभेदार लाल झाले. "उजेड पडायच्या आधीच वाजवताहेत! ही काय शिस्त झाली?" आणि मी घंगाळ धरून बघत राहिले तोवर ते काठी घेऊन पडद्याच्या पुढे गेले.

"गप्प!" त्यांनी गर्जना केली. असा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाच्या गळ्यातून ऐकला नाही. अंगण गप्प झालं. "डाव्या हाताचे लोक, तुम्ही हिरवं दांडकं. तुमचा आवाज फूस्स. उजव्या हाताचे, तुम्ही तांबडं. तुमचा आवाज ठो. काठी खाली आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. तयार!"

मागे मास्तर कपाळाला हात लावून उभे होते. "दोन हत्यारं नाहीत हो," ते कुजबुजले. पण ऐकतंय कोण? मी भांडं वाजवून खूण केली, काच सरकवा. त्यांनी सरकवली. उजेड पडला, सुभेदारांनी तीन मोजले, काठी खाली आली आणि अर्धं अंगण एकदम "फूस्स" म्हणालं. पडदा हलला, शपथेवर सांगते.

पुढे तांबड्या काचा आल्या तेव्हा उजवीकडच्यांनी तर कहर केला. म्हातारी त्यांच्यात होती. सगळं ठीक चाललं आणि शेवटची काच आली. तीत आपला शाळामास्तर उभा, आणि त्याच्याही हातात तांबडं, शिंगाचं दांडकं. अंगण गोंधळलं. डावीकडचे म्हणाले, हा आमचा माणूस, याच्या हातात त्यांचं हत्यार कसं? सुभेदारही क्षणभर अडकले. मग त्यांनी काठी उगारली.

"हिसकावून घेतलंय!"

दोन्ही बाजू मिळून असा जल्लोष झाला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी हंबरल्या. आणि पडद्यामागून मास्तरांचा आवाज आला, जरा चिरका, पण ठाम: "होय! शत्रूचंच हत्यार हिसकावून घेतलं!"

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं रुसलेत. मुंब्र्याच्या जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "हिसकावून घेतलं, हे मला का सुचलं नाही गं?" मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंडाने उत्तर दिलं. "इकडे ताप होता ना," म्हटलं. सुभेदार झोपल्याचं सोंग घेऊन हसत होते.

त्यानंतर दोन वर्षांत आम्ही ठाण्या-कल्याणला बरेच खेळ केले. मी घंगाळाचं काम सोडून काचा सरकवायला शिकले, कारण मास्तरांना गोष्ट सांगायला दोन्ही हात मोकळे लागत. मध्यंतरी भावजींना आपल्या चुकीची फार लाज वाटली. कुणाला न सांगता त्यांनी बाराही काचा नव्याने केल्या. दांडकं हातभर, टोकाला भिंग, झोत हिरवा, सगळं पत्राबरहुकूम. भावजींना बोलावून आम्ही त्या ठाण्याला दाखवल्या. माणसं बघत राहिली. उजव्या बाजूच्यांना काही कामच उरलं नाही, ते जांभया देऊ लागले.

खेळानंतर पाचसहा जण मास्तरांकडे आले. "मास्तर, खोटं हत्यार दाखवलंत आज. ते शिंगाचं खरं कुठाय?"

मास्तरांनी भावजींकडे पाहिलं, भावजींनी जमिनीकडे. पुढच्या खेळाला आम्ही जुन्याच काचा काढल्या. नव्या बारा भावजींनी स्वतःच घासून कोऱ्या केल्या आणि त्यांच्यावर मास्तरांना शाळेसाठी जास्वंदीच्या फुलाचे भाग काढून दिले. ते फार सुरेख होते.