पाय आधी वाजला

"हात आधी गो, हात आधी! पाय येईल मागून." असं म्हणत सर उजवा हात अलगद पुढे न्यायचे, जणू समोरच्या चहावरची साय बोटाने उचलायची आहे.

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात सर भौतिकशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यांचा छंद तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही थबकला असता. शेकडो वर्षांपूर्वी युरोपात वापरत ती रेपियर नावाची लांब, सरळ, बारीक तलवार घेऊन ते संध्याकाळी व्हरांड्यात उभे राहत. शिकवायला गावात कोणीच नव्हतं. जुन्या पोथ्यांतली चित्रं बघून, आरशासमोर चुका करत ते शिकले.

कँटीनवाले काका हाक मारत, "सर, पापलेट भाजायची सळी मस्त हो!"

"आधी पापलेट आणा," सर मागे न बघता म्हणत.

घरातली पहिली पदवीधर मी. नोकरी लागली तरी मोठ्या माणसांसमोर अर्धं पाऊल मागे उभी राहायची. एकदा सरांनी बोथट टोकाची तलवारच हातात दिली. "मागे सरकायचं तर नीट शीक तरी. मागे जाण्यालाही पद्धत असते."

मी खेडकडच्या आतल्या गावातली. लहानपणापासून कोयतीने झाडांच्या फांद्यांची कवळ तोडलेली. हातात तलवार आली की खांद्यातून सपकन वारच निघे.

"अगो, कवळ तोडत्येस की काय? ही तोडायची नाही, टेकवायची."

त्यांनी व्हरांड्याच्या वाशाला दोऱ्याने सुपारी टांगली. टोक सुपारीला लागलं पाहिजे, पण सुपारी झुलता कामा नये. "झुलली की समज, समोरच्याला दुखलं." कितीतरी महिने माझी सुपारी देवळातल्या घंटेसारखी हलत राहिली. सर कधी वैतागले नाहीत. फक्त दोरा धरून ती पुन्हा स्थिर करत.

मग एका वर्षी चहा ओतताना सरांची धार कपाबाहेर पडू लागली. एका डोळ्याची नजर गेली होती. तोवर आठ-दहा मुलं शिकायला येऊ लागली होती.

तोंडावर जाळीचा मुखवटा चढवत ते मला म्हणाले, "मुलांसमोर टोक धरायचं तर अंतर कळायला हवं. मला कळतं का, ते तू सांग."

"मी कसं सांगणार, सर?"

"मारून."

आम्ही समोरासमोर उभे राहिलो. थोड्याच वेळात त्यांनी हात वर केला. "टोक मला एकदाही टेकत का नाही? सुपारीला तरी इतका मान देत नाहीस!"

मी टोक खाली केलं.

"तू मला सांभाळून घेतलंस, तर उद्या माझं टोक एखाद्या पोराला लागेल. नीट खेळ."

या वेळी मी हात पुढे नेला, पाय मागून आला. टोक त्यांच्या जाड जाकिटावर टेकलं. सर मात्र अजून बाजूची मोकळी हवाच अडवत होते.

"सर... लागलं."

त्यांनी डाव्या हाताने छाती चाचपली. माझं पातं हाताला लागलं तसे थांबले. मग मुखवटा काढला. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "दुखलं नाही गो! अजिबात दुखलं नाही!"

त्यांनी आपली तलवार माझ्या हातात दिली. "उद्यापासून मुलांसमोर तू."

त्यानंतर ते खुर्चीत बसून शिकवत, डोळे मिटून. कोणाचा पाय घाईने फरशीवर आपटला की खुर्चीतून आवाज येई, "पाय आधी वाजला!" एकदाही चुकले नाहीत. मुलं अनवाणी खेळून त्यांना फसवायला बघत. तेही त्यांना ऐकू येई.

गेल्या वर्षी सर गेले. वर्ग चालू आहे. खुर्ची आम्ही हलवलेली नाही.

परवा मुलं यायच्या आधी एकटीच सराव करत होते. सुपारी झुलली. पाय आधी वाजला होता. खुर्चीतून कोणी काही बोललं नाही. मी दोरा धरून सुपारी स्थिर केली, मागे गेले, आणि हात पुढे केला.