मध सुटलेली कणसं

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर लंकाबाई पालवे टबातल्या पाण्यात मीठ ढवळत आहेत. दहा लिटर पाणी, दोन किलो मीठ. हे प्रमाण काल कृषी सहायकाने फोनवर सांगितलं. शेजारी सुपात दीड किलो बाजरी आहे. पुढच्या पेरणीसाठी धरलेलं बी एवढंच.

ही बाजरी केसाळ. कणसावर राठ केस असतात, त्यामुळे पाखरं टिकत नाहीत. मुरमाड रानात, विकतच्या खताशिवाय येते. लंकाबाईंनी बावीस हंगाम ऊस तोडला. नऊ वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या तळावर शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, एका बाईने त्यांना दोन ओंजळी बी दिलं. त्या बाईचा पुढे पत्ता लागला नाही. आसपासच्या रानांत आता फक्त हायब्रीड आहे. हे बी आणखी कुणाकडे असल्याचं लंकाबाईंच्या ऐकिवात नाही.

नगरला सावेडीत बेकरी चालवणारे अमजद शेख या बाजरीची गूळ घालून बिस्किटं करतात. ती खपू लागली, म्हणून लंकाबाई यंदा दहा गुंठ्यांवरून एकरावर गेल्या. जूनमध्ये घरातलं सगळं बी पेरून टाकलं.

पीक फुलोऱ्यात असताना अकरा दिवस पाऊस लागून राहिला. काही कणसांतून गुलाबीसर चिकट थेंब सुटले. त्यावर मुंग्या आल्या, माश्या आल्या. वस्तीवरच्या बायांनी बोट लावून चाखलं, गोड होतं. जुन्या बाजरीला मध सुटला, असं त्या म्हणाल्या. लंकाबाई दरवर्षी उभ्या पिकातली साठ उत्तम कणसं निवडून त्यांना चिंधी बांधतात आणि बी त्यांचंच धरतात. यंदा त्यांनी चिंध्या बांधल्या त्या मध सुटलेल्या कणसांना. मळणीत काळे दाणे दिसले, तेव्हा ते पावसाने काळवंडले असं त्यांनी धरलं आणि बाजरीचं पोतं अमजदकडे धाडलं.

रविवारी अमजदचा फोन आला.

"मावशी, उंदरं माजलीत का तुमच्याकडं? पोत्यात लेंड्या निघाल्या."

"माझ्या घरात मांजर हाय. तू तुझं डोळं तपास."

"डोळे बरेत. पोटाचं विचारा. पहिल्या घाण्याची चार बिस्किटं मी अन् बायकोनं, अल्मासनं, खाल्ली. दुपारपासून दोघं ओकतोय. डोकं गरगरतंय."

"इकलीस का रं ती?"

"न्हाई. सगळी खड्ड्यात पुरली. पोतं बांधून ठेवलंय, हात लावत न्हाई कुणी."

लेंड्या नव्हत्या. दाण्याच्या जागी वाढलेली, विषारी काळी बुरशी होती. शेतकी भाषेत अरगट. मध म्हणून चाखला तो तिचाच स्राव.

लंकाबाईंनी सुपातलं बी पाण्यात सोडलं. सून धनश्री गाळणी घेऊन बसली. बुरशी हलकी असते, ती तरंगते. निकोप दाणा तळाला जातो. पाणी ढवळल्याबरोबर वरचा थर काळा झाला. धनश्रीने तो काढला. पुन्हा ढवळलं, पुन्हा काळा.

"आत्या, खाली काय उरतंय का बघा."

"तू काढ. बोलू नको."

पाचव्यांदा काही वर आलं नाही. तळाचं बी साध्या पाण्याने तीनदा धुऊन सावलीत पसरलं. दीड किलोतलं पाव किलोही उरलं नव्हतं.

"एवढ्यात चार सरी व्हतील," धनश्री म्हणाली.

"पर कुठं?"

प्रश्न खरा होता. बुरशीचे दाणे मळणीआधीच रानात गळले आहेत. तिथं तीन वर्षं बाजरी घ्यायची नाही, असं कृषी सहायकाने बजावलं आहे. घरची दुसरी पट्टी शेजाऱ्याच्या हायब्रीडला खेटून आहे. वाऱ्याने तिकडचे परागकण आले की दोन-तीन हंगामांत केसाळ बाजरी केसाळ राहणार नाही. डब्यात राखेत ठेवलं, तर बी तीन वर्षं उगवेलच असं नाही.

गाळलेला काळा थर धनश्रीने बांधाखाली हातभर खड्ड्यात पुरला. लंकाबाईंनी ट्रॅक्टरवाले श्रीमंत घुले यांना फोन करून ट्रॅक्टर सांगितला. रानात गळलेली बुरशी खोल गाडायची, तर नांगराचा फाळ नऊ इंच लावावा लागणार आहे. ट्रॅक्टर उद्या, बुधवारी, सकाळी सात वाजता येणार आहे.