त्या पुस्तकात ठिय्या नव्हता

पुस्तक हातात घेतलं आणि पहिलं मनात आलं ते हे, की एवढ्या गुळगुळीत कागदात आमच्या संघटनेची वर्षभराची पत्रकं निघाली असती. जाड पुठ्ठा, आत रंगीत चित्रं आणि वर तेच अवकाशयान. शाळेत असताना तुळिंजला एका मित्राच्या घरी चटईवर बसून आम्ही तिघं जी परदेशी मालिका हिंदीत बघायचो, तिच्यातलं. तो, मी आणि शाळेसाठी मावशीकडे राहणारी आमची कळंबची मैत्रीण. त्याची आई मध्येच शेंगदाणे-गूळ ठेवून जायची. वीज गेली की उरलेला भाग आम्हीच रचायचो, तोंडाने यानाचे आवाज काढत.

आता त्या मालिकेवरून खेळ निघालाय. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी पात्रं होऊन आपण काय करतो ते बोलायचं, अडलं तिथे फासे टाकायचे. त्याचे नियम या पुस्तकात. त्याने ते मागवलं आणि मला फोन केला, "कळंबला ये. तिच्या ओटीवर बसू."

पावसाळ्यापासून आम्ही दोघी त्याच्याशी बोललो नव्हतो. नायगावला खाडीकाठी भराव घालून टॉवर उठवले, जुन्या गावांत पाणी शिरायला लागलं, म्हणून आम्ही दोघी संघटनेच्या मंडळींसोबत एका टॉवरच्या फाटकावर बसलो होतो. त्याच टॉवरमध्ये त्याने घर घेतलं होतं. आज जमलं नाही तर मैत्री संपली, हे मला कळत होतं.

तरी तिच्या ओटीवर पुस्तक चाळताना माझं तोंड थांबेना. कप्तानाला अख्खं प्रकरण, आणि यानातला जो भांडकुदळ स्वयंपाकी आमचा लाडका, त्याला अर्धं पान! धैर्याला आकडा, निष्ठेला आकडा. "आणि भुकेला? कोणी लिहिलंय हे? कधी नळाला रांग लावलीय का यांनी?"

"झाली सुरू," तो म्हणाला. "सभा नाहीये बाई. पात्र निवड."

मी स्वयंपाकीच घेतला. मैत्रिणीने इंजिन सांभाळणारी घेतली. एका पानावर यानाचा तो अरुंद जिना होता. त्याच्या घरच्या लोखंडी कॉटला आम्ही तो जिना मानायचो, तिच्यावरून उड्या मारायचो. ते पान मी जरा जास्तच वेळ धरून बसले.

"कॉट अजून आहे," तो म्हणाला.

मग त्याने गोष्ट सुरू केली. "यानात पाण्याचा थेंब नाही. तुम्ही शहराच्या फाटकाशी आलात. आत टाक्या भरलेल्या. पहारेकरी अडवतात. काय करता?"

पुस्तकाप्रमाणे लढायचं, लपून शिरायचं, नाहीतर गोड बोलायचं.

"बसतो," मी म्हणाले. "फाटकासमोर."

"आनि पानी मिळेस्तवर उठनार नाय," मैत्रीण म्हणाली.

तो पानं उलटत राहिला. "फासे कशाचे टाकू? ठिय्याचा नियमच नाही यात."

"कुठल्याच पुस्तकात नसतो. तरी बसतोच ना आम्ही."

"माहितीय." त्याने मान वर केली नाही. "त्या दिवशी तुमच्यामुळे रिक्षा आत येईना. आई लांबून चालत आली. तिचे गुडघे माहितीयत ना तुला?"

मी तिथे घोषणा देत होते. ती माझ्या मागूनच गेली असणार.

त्याने पुस्तक मिटलं. "पहारेकरी म्हणतो, बसा. पण माझं घर आत आहे. म्हाताऱ्या माणसांना एका बाजूने वाट सोडा."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"त्याच्या हातात नाही. वर विचारून येतो म्हणतो."

"विचारून कशाला? इथंच बस म्हनावं आमच्यात!" मैत्रीण म्हणाली.

"आधी सरका तर खरं."

भराव चूक होता आणि आहे, ते मी उद्याही फाटकावर जाऊन सांगेन. पण मी सरकले. मांडी घातलेली, तशीच, ओटीवर खरोखरची हातभर. त्याला हसू फुटलं. फासे त्याने माझ्यापुढे टाकले आणि म्हणाला, "चल, नियम आपणच करू."