सरांनी मान हलवली

दुकानात गिऱ्हाईकं कितीही असोत, काउंटरच्या काचेवर बोटानं टकटक करायची आणि घोगऱ्या आवाजात विचारायचं, "खरं का भास?" पाणीगेटला माझं औषधांचं दुकान आहे. डोकेदुखी, अ‍ॅसिडिटी, गुडघे, सगळ्यांच्या तक्रारी मी दिवसभर ऐकते. पण हा प्रश्न घेऊन येणारे एकच. आमचे पी.टी.चे सर.

"खरं का भास? काल तुझ्या दुकानात माकड शिरलं होतं."

"खरं, सर. ग्लुकोजचा पुडा घेऊन गेलं मेलं."

"बरं झालं," सर म्हणायचे. माकडाच्या चोरीनं इतका आनंद झालेला माणूस तुम्हीही पाहिला नसेल. माझ्या पुड्याचं कुणाला काही नाही.

सरांनी मला शाळेत मैदानाभोवती पळवून पळवून रडवलेलं आहे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्याचा ताठा सरांच्या पाठीत होता. "शब्द दिला म्हणजे दिला," हे त्यांचं घरातलं, वर्गातलं आणि भाजीवाल्यापाशीही एकच वाक्य. मग न्यूमोनिया झाला. अलकापुरीकडच्या एका हॉस्पिटलात आयसीयू, घशात नळी, व्हेंटिलेटर. घरी त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, सगळे देव पाण्यात घातले होते. सर घरी आले, आम्ही पेढे खाल्ले, आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली.

आम्हाला वाटलं, माणूस घरी आला म्हणजे बरा झाला. कसलं काय! शेकड्यांनी जोर मारणाऱ्या माणसाला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. केस कंगव्यात यायला लागले. शिट्टी फुंकली तर नुसती हवा. माझ्या दुकानाची पायरी चढताना सर स्वतःलाच हुकूम द्यायचे, "सावधान! डावा पाय पुढे!" त्यांचा पाय यायचा तेव्हा यायचा, पण रांगेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचे डावे पाय मात्र पटकन पुढे यायचे.

आणि डोक्यात जे भरलं होतं ते वेगळंच. आयसीयूत म्हणे गाठिये तळायचा कारखाना होता. छतावरून उंट जायचे. नर्स त्यांना मालगाडीत घालून जवळच्या पादरा गावाला न्यायची. डॉक्टरांनी समजावलं, "पुष्कळांना होतं असं. ताप, गुंगीची औषधं, झोप नाही. अंगातली ताकद यायला आणि डोकं निवळायला महिने लागतात. वेडबीड काही नाही." तेव्हापासून सरांनी आठवणी निवडायला घेतल्या, काकू तांदूळ निवडतात तशा. गाठिये, भास. उंट, भास. मालगाडी, थोडी कुरकुर करून, भास.

काकूंनी या सोयीचा पुरेपूर फायदा उठवला. सर म्हणायचे, "अगं, चारचा चहा राहिला."

"घेतलात तुम्ही. राहिला हा भास."

"आणि मी तुला उटीला नेणार म्हणालो होतो, तोही भास?"

"ते एकदम खरं. मी साक्षीला होते ने!"

पण एक आठवण सर सोडायला तयार नव्हते. शेजारच्या पलंगावर एक माणूस होता. पादऱ्याचा. तो सारखा सरांकडे वळून सांगायचा, "भाई, मारी घरवाळीने कहेजो, ट्रॅक्टर वेचे नहीं." बायकोला सांगा, ट्रॅक्टर विकू नको. आणि सरांनी त्याला शब्द दिला होता.

"अहो, शब्द कसा देणार?" काकू वैतागायच्या. "तोंडात ही एवढी नळी होती!"

"मान हलवली. मान हलवली तरी शब्दच." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "तोही भास असला तर माझ्याकडे काय उरलं गं? उद्या तूही भास नाहीस कशावरून?"

मला रडू आलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, आणि रविवारी स्कूटर काढली. मागे सर. चाललो पादऱ्याला.

"नाव काय त्यांचं?" मी वाटेत विचारलं.

"माहीत नाही."

"गल्ली? खूण काही?"

"नाक मोठं होतं."

घ्या! पादऱ्यात नाकं काय कमी आहेत? भाजी बाजारापाशी ट्रॅक्टर ओळीनं उभे होते. सरांनी तिथं उतरून स्वतःच निर्णय घेतला. घर सापडत नाही ना, मग सगळ्यांनाच निरोप द्यायचा. एकेका ट्रॅक्टरपाशी जायचं, हात जोडायचे, "भाई, ट्रॅक्टर वेचशो नहीं." पहिले दोघे हसले, एकानं तर चहा विचारला. तिसरा खरोखरच विकत होता. घेणारा शेजारीच उभा. त्यानं विचारलं, "केम, शुं वांधो छे एमां?" का, काही खोट आहे का यात? सरांनी अतिशय गंभीर चेहऱ्यानं नुसती मान हलवली. घेणारा गेला. मग मालक आमच्यावर जो धावून आला! मी त्याला माझ्या तोडक्यामोडक्या नव्हे, चांगल्या झणझणीत गुजरातीत चार शब्द सुनावले, सरांना मागे बसवलं आणि स्कूटर हाणली.

मागून आवाज आला, "एक तरी वाचला."

मी हसले. सर हसले नाहीत. त्यानंतर ते दुकानात यायचेच बंद झाले. काकू औषधं न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता काही विचारत नाहीत गं. सगळंच भास म्हणतात. चहा पुढ्यात ठेवला तरी कपाकडे बघत बसतात. भांडले असते तर बरं वाटलं असतं." मी काकूंना खुर्चीत बसवलं. गिऱ्हाईकांना म्हटलं, थांबा जरा.

पुढच्या तपासणीला काकूंनी मलाही रिक्षात घातलं. हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो, सर मधे, मान खाली. तेवढ्यात एका मुलानं आपल्या वडिलांची व्हीलचेअर समोर आणून लावली. मी पाहिलं. काय नाक होतं हो!

त्या गृहस्थांनी सरांकडे टक लावली. मग एकदम ओरडले, "नळीवाळा काका!" आणि सरांचा दंड चाचपून पाहायला लागले. "तमे साचे ज छो?" तुम्ही खरंच आहात का?

सर ताडकन उठायला गेले, ते जमलं नाही, बसल्याबसल्याच त्यांनी निरोपाचा हिशेब दिला. पादऱ्याला जाऊन आलो, घर मिळालं नाही, पण ट्रॅक्टर विकू नका असं पुष्कळांना सांगितलं.

"ट्रॅक्टर?" गृहस्थ गोंधळले. "मारे क्यां ट्रॅक्टर छे? हुं तो दरजी छुं." माझ्याकडे कुठला ट्रॅक्टर, मी तर शिंपी.

त्यांचा मुलगा छताकडे बघायला लागला. काकूंनी पदर तोंडात कोंबला. मी तर मोठ्यानं हसले, आणि सर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. गृहस्थही हसत होते, आणि हसता हसता त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. ते रडायला लागले.

गुजरातीत, अडखळत, ते सांगत होते. तिथं मी सगळ्यांना हाका मारायचो, माझं कुणाला समजत नव्हतं. एकच माणूस माझ्याकडे बघून मान हलवायचा. घरी सांगतो तर सगळे म्हणतात, बाजूचा पलंग रिकामा होता, तिथं कुणी नव्हतंच.

सरांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. जन्मभर बाहेर गुजराती बोलणारा हा माणूस, त्या घाईत मराठीतच बोलला.

"मी होतो ना. अहो, मी होतो तिथं."