पांढऱ्या कापडाला एक थेंब

माझी धाकटी जाऊ स्वयंपाकात अगदी 'ढ'. पण रंगाच्या हंड्यापुढे उभी राहिली की आम्ही सगळे गप्प. कापड रंगवायचं काम आमच्या घरचंच. पुढे दुकान, मागे हंडे. ती लांबूनच म्हणायची, "जाऊबाई, फिका झालाय." आणि मेलं तिचंच खरं निघायचं! माझा असा जळफळाट व्हायचा, पण बोलायची सोय नाही.

गरोदरपणी तिचं बीपी चढलं. डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या बाळाला चालेल अशी गोळी दिली. लेक सुखरूप झाली, गुटगुटीत, भोकाड असं की शेजारी दचकावेत. बीपी मात्र उतरेना. बाईंनी बजावलं, "अंगावर पाजताय, तरी ही गोळी चालूच ठेवायची. दुधातून जाते ती अगदी नगण्य, बाळाला अपाय नाही. मनानं बंद करू नका." हिनं मान डोलावली.

रोज सकाळी मी गोळी आणि पाणी तिच्या हातात द्यायचे. ती गोळी तोंडात टाकायची, घोटभर पाणी प्यायची आणि मागे कामाला जायची.

एका दुपारी हंडा ढवळताना तिच्या हातातली काठी सुटली. काय झालं म्हणून वळले, तर ती जमिनीवर. उजवी बाजू लुळी, जीभ जड.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, "गोळी घेत होती ना?"

"म्हणजे काय! मी माझ्या हातानं देत होते," मी फणकारले.

खाटेवरून ती कशीबशी म्हणाली, "थुंकत होते... मोरीत."

"अगं, का?"

"पांढऱ्या कापडाला... एक थेंब पुरतो."

जन्मभर तिनं तेच पाहिलं होतं. एक शिंतोडा उडाला की अख्खा तागा वाया. दुधाचंही तसंच, असं तिनं मनाशी धरलं. बाई हळूच म्हणाल्या, "अहो, म्हणून तर पारखून दिली होती." मला इतका राग आला! मला नाही, निदान बाईंना तरी विचारायचंस गं! पण कुणावर ओरडणार? पोर घरी बाटलीला लागली होती. ज्या दुधासाठी एवढं केलं, ते दूधही आटलं.

आता लेक दुडुदुडु धावते. मला 'आई' म्हणते. मी दटावते, "मी काकू! आई ती बघ!" पोर हसते आणि पुन्हा तेच.

काल मी तिला धाकटीच्या मांडीवर बसवलं. धाकटीनं डाव्या हातानं तिला कवटाळलं, केसांत नाक खुपसलं. पोर चुळबुळली आणि उजवीकडून घसरली. तो हात काही उठला नाही. पडली ती रडतच माझ्याकडे धावली, "आई!"

मी दटावायला तोंड उघडलं.

"म्हणू दे, जाऊबाई," धाकटी म्हणाली. त्या आजारानंतर इतकं स्पष्ट ती पहिल्यांदाच बोलली.